डाव्या हातानं भरलेली कॉइल

मोबाईलवर लिहिलं होतं, ‘जुनी जपानी इलेक्ट्रिक गिटार, चालू, सर्व पार्ट ओरिजिनल.’ पोरगी नारायणगावला दिलीय, ती माझ्याकडं राहायला आली होती, तिनं ते वाचून दाखवलं. मी म्हटलं, खोटं आहे.

फोटो बघायच्या आधीच म्हटलं. मग फोटो बघितला. गिटारीच्या डोक्याला, जिथं तारा पिळायच्या खुंट्या असतात, तिथं नखाएवढा काळा डाग होता. सोल्डरिंगचा चटका. आमच्या गायन पार्टीच्या गिटारीला असाच चटका मी घाईत दिलेला. ही तीच असावी असं मनात आलं, आणि लगेच दुसरं आलं, की काळा डाग काय कुठल्याही लाकडाला पडतो.

आता गोष्ट अशी होती. ही आमची गिटार असेल तर तिचे सगळे पार्ट ओरिजिनल नाहीत, कारण निम्मे मी बसवलेत. आणि खरोखरच सगळे ओरिजिनल असतील तर ती आमची नाही, मग फुकट दिली तरी मला नको. म्हणजे एक तर विकणारा खोटारडा, नाहीतर गिटार बिनकामाची. पोरगी म्हणाली, फोन लावून विचारू. मी म्हटलं, फोनवर माणूस काय पण बोलतो. खोलून बघितल्याशिवाय मी कुणाचं ऐकत नाही.

हा स्वभाव धंद्यानं लावला. मंचरला रस्त्याच्या कडेला माझं मोटारी भरायचं दुकान. विहिरीवरची मोटार जळली की शेतकरी घेऊन येतो, आम्ही जळकी तार काढून टाकतो आणि नवीन तारेच्या कॉइली भरून देतो. वरनं वॉर्निश मारलं की आत काय आहे ते कुणाच्या बापाला कळत नाही. तांब्याचे पैसे घेऊन अॅल्युमिनियम भरणारे मी बघितलेत. ‘पहिल्यांदाच जळली’ म्हणून शपथा घेणारी गिऱ्हाइकं बघितलीत, आणि मोटार खोलावी तर आत परक्या हातांच्या गाठी. म्हणून माझी रीत एकच. खोलायचं, मग बोलायचं.

दुकानात मोटारी खोलायचं आणि जोडायचं काम माझं. कॉइली भरायची बायको. मी सातवीतनं शाळा सोडली, ती माझ्याही आधी. पण हँडलच्या मशीनवर बसली की तार अशी लावायची की बोट फिरवलं तर काच वाटावी. ती डावरी होती. मशीनचं हँडल उजव्या हाताच्या माणसासाठी केलेलं, म्हणून ती मशीनच्या पलीकडं बसायची आणि डाव्या हातानं फिरवायची. त्यामुळं तिच्या सगळ्या कॉइली उलट्या फेऱ्यांच्या. मोटारीत त्यानं काही अडत नाही, कॉइल पालथी घातली की झालं.

ती ह्या थंडीत गेली. त्याचं मी इथं जास्त लिहिणार नाही.

लिहायचं ते हे, की ती गेल्यावर मी तिच्या हातचं काहीतरी शोधत होतो. बाकीच्या बायकांची गोधडी राहते, विणलेलं राहतं. हिला त्याला वेळच नव्हता. हिचं आयुष्य कॉइली भरण्यात गेलं, आणि मोटार आज ना उद्या जळतेच. जळली की कॉइल छिन्नीनं तोडतात आणि तांबं मोडीत घालतात. तालुक्यात किती विहिरींवर तिच्या हातची तार फिरली असेल, पण दाखवायला आज एक वेटोळं नाही. शिनोलीत एक जुनी मोटार अजून चालू आहे असं कळलं, म्हणून गेलो, मालकाला चहा पाजून ती खोलली. ती कधीच दुसऱ्या कुणीतरी भरलेली होती. राहिली असलीच तर ती एकच, त्या गिटारीतली. तेवढ्यासाठी मला गिटार बघायची होती. वाजवायला नाही, बोटं आता वाकत नाहीत.

गिटारीचं सांगतो. आमच्या विहाराची गायन पार्टी होती. जयंतीच्या महिन्यात रोज एका गावाला कार्यक्रम. मी गिटार वाजवायचो. गायक शिनोलीचा, गिटार पार्टीच्या मालकीची. तिच्या तारांखाली दोन डब्या, एक गळ्याकडं आणि एक बुडाकडं. प्रत्येक डबीत लोहचुंबक आणि त्याच्या भोवती केसापेक्षा बारीक तारेची कॉइल. तार हलली की ती कॉइल आवाज पकडून भोंग्याला देते. एका वर्षी जयंती तोंडावर आली आणि गळ्याकडची कॉइल मेली. पुण्यात विचारलं तर म्हणाले, टाकून द्या, नवीन मागवा, कधी येईल सांगता येत नाही.

मी जुन्या रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरमधली बारीक तार काढली आणि भरायला बसलो. तार तुटायची. परत बसायचो, परत तुटायची. ती बघत होती. मला म्हणाली, “उठा. तुमची बोटं पान्याला केलेली हायेत.” आणि पलीकडच्या बाजूला जाऊन बसली. पदराच्या घडीत तार धरली, डाव्या हातानं हळूहळू हँडल फिरवलं. तिचीही एकदा मध्ये तुटली. तिनं जोड दिला. जोडाखाली काहीतरी पातळ घालायला पाहिजे, नाहीतर तो खालच्या तारेला टेकतो. आमच्याकडचा कागद मोटारीचा, पुठ्ठ्यासारखा जाड. बाहेर कांद्याची पोती भरायचं काम चाललं होतं, वाऱ्यानं सालपटं उंबऱ्यात आलेली. तिनं एक लाल सालपट उचललं, दातानं तोडलं, जोडाखाली सरकवलं आणि पुढं भरायला लागली. मी हसलो.

“हसू नका,” ती म्हणाली. “कांद्याकडं लई कपडे हायेत. एक घेतला तर त्यो काय उघडा पडत नाय.”

वर सुती पट्टी गुंडाळून वॉर्निश दिलं. गिटार वाजली. फक्त ती कॉइल उलटी असल्यामुळं स्विच मधोमध ठेवून दोन्ही चालू केल्या की आवाज बारीक व्हायचा, नाकातनं आल्यासारखा, आणि भोंग्याची घूंऽ घूंऽ एकदम बंद. मी म्हटलं, दोन वायरी उलटसुलट केल्या की हे नीट होईल. गायक म्हणाला, हात लावायचा नाही. एका गाण्यातलं आईचं कडवं तो मग त्याच आवाजावर म्हणायचा. पुढं पार्टी मोडली, गिटार त्याच्या घरी गेली. तो वारला. त्याचा मुलगा नोकरीनं जुन्नरला आला आणि त्यानं घर रिकामं केलं. तिथंपर्यंत मला माहीत होतं.

मोबाईलवरचा पत्ताही जुन्नरचाच. गेलो तर ते भांड्यांचं दुकान निघालं. मालक जैन, त्यांचं मूळ राजस्थानात, पण तोंड उघडलं की पक्के जुन्नरचे. वय पन्नाशीचं. लोक जुनी पितळी भांडी मोडीत घालतात आणि वजनावर नवीन स्टील घेऊन जातात, तो त्यांचा पिढ्यांचा धंदा. गायकाच्या मुलानं हंडे-कळशा मोडीत घातल्या तेव्हा गिटारही इथंच टाकून गेला. शेठला जुन्या वस्तू मोबाईलवर टाकायचा नाद. हे सगळं त्यांनी सांगितलं आणि मी अर्धंच खरं धरलं.

मी विचारलं, ओरिजिनल कशावरनं लिहिलं. ते म्हणाले, “आली तशी आहे बाबा. मी काय बदललेलं नाय.”

मी गिटार हातात घेतली. पाठीला पट्ट्याच्या बकलानं घासलेलं होतं, ते बरोबर. वायर खुपसायचं भोक मी माईकच्या सॉकेटसाठी कोरून मोठं केलेलं, तेही होतं. पण आवाजाची बटणं पांढरी, चकचकीत. आमच्या वेळी मी रेडिओची तपकिरी बटणं लावली होती. म्हणजे माझ्यामागं कुणीतरी हात घातलाय. आणि ज्यानं बटणं बदलली तो आत गेला नसेल कशावरनं? मी एकेक बोलायला लागलो. हे सॉकेट माईकचं. ही खुंटी दुसऱ्या वाद्याची. हा स्क्रू घरातल्या स्विचबोर्डाचा. मी खरं ते सांगत होतो, पण शेठचं तोंड आंबट होत चाललं.

“मंचरचे दिसता तुम्ही,” ते म्हणाले.

मी म्हटलं, व्हय.

“मार्केटात कांद्याला असाच हात लावतात. हा सडका, हा मोड आलेला. मग भाव पाडायचा.”

त्यांचंही काही चुकलं नाही. आमच्याकडं घ्यायची वस्तू कुणी चांगली म्हणतच नाही. मी सांगितलं, मला भाव पाडायचा नाही, मला गिटारच नको. त्यानं तर त्यांना जास्तच संशय आला. गिटार नको असलेला माणूस एवढ्या लांबनं येऊन स्क्रू कशाला मोजतोय?

भजनी मंडळाला भाड्यानं द्यायला त्यांच्याकडं चाकाचा स्पीकर होता. तो लावला. तारा गंजलेल्या, पण आवाज आला. मी स्विच मधोमध ठेवला. घूं घूं थांबली आणि तोच नाकातला आवाज. शेठ म्हणाले, बिघडली काय? मी स्विच पुढं-मागं करून परत मधोमध आणला, आवाज तोच. तरी पण मनाला म्हटलं, थांब. दोन वायरी उलट्या जोडल्या तरी कंपनीच्या कॉइलीतनं हाच आवाज येतो. आवाज पुरावा नव्हे. आत बघायला पाहिजे.

शेठ खोलून देईनात. पुण्याचं एक गिऱ्हाईक फोनवर होतं, त्यानं बजावलेलं, स्क्रूला हात लागता कामा नये, आतलं सोल्डर कंपनीचं पाहिजे. मी म्हटलं, आतलं सोल्डर माझंच आहे. तेवढ्यानं कोण ऐकतं. मग मला एक सुचलं.

“शेठ, ही प्लेट उचलली की आत निळा रंग निघंल. बाहेरनं कुठंच दिसत नाय, बघा. नाय निघाला तर मी उठून जातो.”

“निळा कसला?”

“खोला, मग सांगतो.”

त्यांनी गिटार उलटीपालटी करून बघितली, फटीत टॉर्च मारला. मग दुकानाचं एक शटर खाली ओढलं, मला गादीवर बसवलं आणि समोर स्टिकर लागलेली नवी वाटी ठेवली. स्क्रू त्यात टाकायचे आणि हात त्यांना दिसले पाहिजेत. पार्ट बदलून नेईन असं वाटत होतं त्यांना. मी शर्टाच्या बाह्या वर केल्या.

प्लेट उचलली आणि गादीच्या पांढऱ्या चादरीवर नीळ सांडली. जयंतीच्या मिरवणुकीतला निळा गुलाल. घामात भिजून खडे झालेला, लाकडाच्या कोपऱ्यात, वायरींच्या खाली, सगळीकडं. शेठ चादर झटकायच्या ऐवजी बघतच राहिले. मी सांगितलं कसला आहे. ही आमचीच गिटार होती, त्यात आता खोट नव्हती. पण कॉइल?

गळ्याकडची कॉइल बाहेर घेतली. वर सुती पट्टी, वॉर्निश खाऊन काळी, दगडासारखी. आतली तार दिसत नव्हती. मी पिशवीतनं काट्याचा मीटर काढला. कॉइल जिथनं सुरू होते ते टोक तळातनं निघतं, जिथं संपते ते वरनं. दोन्ही कॉइलींची तळाची टोकं बघून मीटरची तीच वायर त्यांना लावली. मग लोखंडी पक्कड चुंबकावर टेकवून झटक्यात उचलायची. बुडाकडच्या कंपनीच्या कॉइलीला काटा उजवीकडं उडाला. गळ्याकडच्या कॉइलीला तो डावीकडं दबला. परत केलं, परत तसंच. चुंबक कुणी पालथा घातला असेल म्हणून तेही बघितलं, दोन्हींची तोंडं एकाच बाजूला होती. म्हणजे ही कॉइल उलट्या हातानं भरलेली.

मग मी सांगितलं, कुणी भरली आणि मी कशासाठी आलोय. कांद्याच्या सालपटाचंही सांगितलं. शेठनी विचारलं, “कधी गेल्या?”

“ह्या थंडीत.”

त्यांनी कॉइल हातात घेऊन उलटसुलट बघितली. मग व्यापारीच शेवटी. म्हणाले, “बाबा, राग मानू नका. पट्टी काढून ते सालपट दाखवा, मी मानतो.”

“पट्टीला तार चिकटलीय. पट्टी उचलली की तार तुटली. मग तुमची गिटार गेली, आन माझं पण गेलं.”

हे ऐकून त्यांना मी खोटं बोलतोय असं वाटलं असणार. मलाही त्यांच्या जागी वाटलं असतं. दाखवायच्या वेळी माघार घेणारी गिऱ्हाइकं मी काय कमी बघितलीत?

मी म्हटलं, “तुमच्याकडं मोडीवर नवीन देतात ना? मी नवी कॉइल भरून आणतो, कंपनीसारखी सरळ फेऱ्यांची. ही जुनी मला मोडीत द्या. चुंबक तुमचा तुमच्याकडं.”

“मोड वजनावर घेतो आम्ही,” ते म्हणाले. त्यांनी कॉइल उचलून काट्यावर ठेवली. पितळी हंड्यांचा काटा तो, जागचा हलला नाही. “बघा. वजनच नाय. देऊ काय तुम्हाला?” पण हसले.

ठरलं असं, की आधी नवी कॉइल बसवून वाजवून दाखवायची, मग जुनी हातात मिळेल. तोपर्यंत हा माणूस पुण्याला गिटार विकून मोकळा झाला तर? म्हणून मी वाटीतले स्क्रू खिशात टाकले. माझ्याशिवाय प्लेट बंदच होणार नाही. शेठनी माझा मीटर ठेवून घेतला. दोघंही निर्धास्त झालो.

घरी येऊन जुन्या स्टॅबिलायझरच्या रिले फोडून बारीक तार जमवली, फायबर कापून तार गुंडाळायचं बोबिन केलं आणि मशीनवर माझ्या बाजूला बसलो. तार तुटली. टॉवेलात धरली, तुटली. मफलरीत धरली, तरी तुटली. पोरगी दारात उभी राहून म्हणाली, “आबा, आई पदरात धरायची.” मला काय माहीत नव्हतं काय? पण तिची ट्रंक मी थंडीपासून उघडली नव्हती. पोरीनंच उघडली आणि एक धुऊन धुऊन विरलेलं सुती पातळ आणून माझ्या मांडीवर टाकलं. त्याच्या पदरात धरल्यावर तार चालायला लागली.

तरी मध्ये एकदा तुटलीच. जोड दिला. आता खाली घालायला काय? दुकानात आता पातळ प्लास्टिकची पट्टी मिळते, ती ड्रॉवरमध्ये होती. मी उठलो आणि शेजारच्या कांदे साठवायच्या बराखीतनं सालपट आणलं. दातानं तोडलं. कडवट लागतं ते.

जुन्नरला परत गेलो. शेठनी नवी कॉइल नखानं वाजवून बघितली, वास घेतला, मीटर लावायला लावला. मी बसवली, झाळली, स्पीकरला जोडली. स्विच मधोमध ठेवला तर आवाज भरीव आला, कंपनीचा यावा तसा, आणि घूं घूं पण आली. शेठ खूश. मला तो आवाज परक्या घरात शिरल्यासारखा वाटला. त्यांनी माझ्यासमोर मोबाईल काढून ‘सर्व पार्ट ओरिजिनल’ खोडलं आणि लिहिलं, ‘एक कॉइल नव्यानं भरलेली, बटणं-सॉकेट बदललेली.’ मी चष्मा लावून वाचलं. नव्या कॉइलीतही पट्टी-वॉर्निशाखाली सालपट आहे हे मी सांगून टाकलं. मग ते म्हणाले, पुण्यावाल्यानं खोलून बघितलं आणि आत कांदा निघाला तर तो मला काय म्हणेल? मी म्हटलं, तो खोलणार नाही, तार तुटेल ना.

जुनी कॉइल त्यांनी एका नव्या स्टीलच्या डबीत घालून दिली. डबीचं काही घेतलं नाही. निघताना चादर दाखवली, निळा डाग गेला नव्हता.

डबी आता दुकानात तिच्या मशीनशेजारी असते. पोरगी मागच्या खेपेला म्हणाली, “आबा, एकदा सोलून बघा की. आता गिटारीत थोडीच घालायचीय?” मी नको म्हटलं. पण खरं सांगायचं तर संशय काय माणसाला सोडत नाही. गायकाकडं गिटार इतकी वर्षं होती. त्यानं कुठं दुसऱ्या डावऱ्याकडनं भरून घेतली असेल तर? काटा तरी तसाच डावीकडं दबेल. असं मनात आलं की मी हातातलं काम खाली ठेवतो, डबी उघडतो, अंगठ्याच्या नखानं पट्टीचं टोक चाचपतो. मग झाकण लावतो. पट्टीचं टोक अजून चिकटलेलंच आहे.